झाडकामासाठी फोर बाय फोर टिपर: कुठली गाडी घ्यावी?

वाडीवाला

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात माझा झाडकामाचा व्यवसाय आहे. घरावर आलेल्या फांद्या उतरवणे, वठलेला आंबा-फणस वरून तुकड्या-तुकड्याने खाली घेणे, कलमांची छाटणी आणि वादळानंतरची साफसफाई. टीम पाच जणांची, त्यातले दोघे चढणारे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर हे काम वाढलं ते वाढलंच. तेव्हा अर्धवट उपटलेली, मुळं हललेली झाडं अजून एकेक करून वठताहेत.

आतापर्यंत माल हलवायला भाड्याचं पिकअप बोलावतो. ऐन मे-जूनमध्ये ते मिळत नाही, आणि मिळालं तर ड्रायव्हर रस्ता बघून परत जातो. म्हणून स्वतःची गाडी घ्यायची आहे. डोक्यात आहे ते असं: फोर बाय फोर पिकअप, त्यावर हायड्रॉलिकने उचलणारा हौदा, म्हणजेच टिपर. आमच्याकडे निम्म्या वाड्यांना डांबरी रस्ता घरापर्यंत येत नाही. पाणंद, मध्ये वहाळ, पुढे जांभ्याची चढण, आणि पहिल्या आठवड्याच्या पावसानंतर त्यावर शेवाळ. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे विसरून गाडी घेता येत नाही.

टाटा योद्धाची फोर बाय फोर, महिंद्रा बोलेरो कॅम्परची फोर बाय फोर आणि इसुझू व्ही-क्रॉस अशा तीन गाड्या पाहिल्या. व्ही-क्रॉस बजेटच्या फार वर जाते. बारा लाखांपर्यंत तयारी आहे. ज्यांनी असं काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

घाटमाथा

बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर. पाटण-कोयना भागात माझ्याकडे तीच आहे. रुतत नाही, आणि रुतली तर स्वतःची स्वतः निघते. गावोगावी मेकॅनिक आहे, पार्ट मिळतो. घेऊन टाका.

चांदणी_सायली

वाचतेय. आमच्या घरामागचा वठलेला फणस काढायला तीन जण येऊन बघून गेले, तिघांनीही "गाडी आत येत नाही" एवढंच सांगितलं.

हिशेबनीस

धागाकर्ते, गाडी ठरवण्याआधी वजन मोजा. मी यंत्र अभियंता आहे, लाकडाच्या वखारीचा हिशेब घरातच बघत मोठा झालो.

नुकतंच कापलेलं ओलं लाकूड घनफुटाला साधारण २५ किलो धरा. दोन फूट व्यासाचा, सहा फूट लांबीचा ओंडका म्हणजे जवळपास १९ घनफूट, म्हणजे पावणेपाचशे किलो. एक ओंडका!

आता गाडीकडे या. फोर बाय फोर पिकअपचं पासिंग, म्हणजे कागदोपत्री मंजूर मालाचं वजन, सव्वा टन धरू. त्यावर टिपरचा सांगाडा, जॅक, पंप, तेलाची टाकी चढली की २५०-३०० किलो तिथेच गेले. चेनसॉ, दोर, कप्प्या, पेट्रोल-ऑईलचे कॅन यांचे ८०-१०० किलो. हातात उरले साडेआठशे. वरच्या ओंडक्याचे दोन नग टाकले की पासिंग संपलं आणि हौदा मात्र निम्म्याहून जास्त रिकामा दिसतोय. तो रिकामा दिसतो म्हणून माणूस भरतो. भरल्यावर ब्रेक लागत नाहीत, आणि तुम्हाला उतरायचे आहेत घाट.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. पण मी दंडासाठी सांगत नाही, ब्रेकसाठी सांगतोय.

घाटमाथा

हिशेबनीस, गणित बरोबर आहे पण झाडकामात सगळे ओंडके नसतात हो. दहा खेपांतल्या सात-आठ नुसत्या डहाळ्या, पाला, वाळकी फाटी. फाळक्याच्या वर चार फूट रचलं, दोर मारला तरी पाचशे किलो भरत नाही. तिथे तुमचं वजनाचं गणित आड येत नाही, जागा आड येते.

हिशेबनीस

मान्य. म्हणूनच धोका वाढतो. डहाळ्यांसाठी जागा हवी म्हणून लोक फाळके उंच करतात. नऊ बाय साडेपाचचा हौदा दीड फूट उंच असेल तर रचून लावलेले ओंडके ११०० किलोच्या आसपास. तोच हौदा चार फूट उंच केला आणि एखाद्या दिवशी त्यात ओंडके भरले, तर तीन टन. फाळका उंच करणाऱ्याला डहाळ्या दिसत असतात, संध्याकाळी घाईने भरणारा मजूर समोर दिसेल ते टाकतो. उंच फाळके करायचेच तर काढता येतील असे करा, आणि एक फुटावर आतून लाल रंगाची रेघ मारा, म्हणजे साडेआठशेच्या आत राहाल. ओंडके असतील तर रेघेच्या वर काही नाही. मजुरांना किलो सांगून उपयोग नाही, रेघ कळते.

कमानपाटा

चिपळूणला गॅरेज आहे, टिपरची कामं रोजची. थोडं सविस्तर लिहितो.

पिकअपवर टिपर बसवणं म्हणजे नुसता हौद्याखाली जॅक लावणं नव्हे. मूळ चासीवर एक वेगळी फ्रेम बसवावी लागते, नाहीतर जॅक ज्या जागी ताकद लावतो तिथे चासीला तडा जातो. हौदा त्या फ्रेमच्या उंचीने वर जातो. फोर बाय फोर गाडी मुळातच उंच, कारण पुढचा हाउसिंग आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या चाकांना ताकद देणारा गिअरबॉक्स) बसवायला जागा लागते. दोन्ही उंच्या एकत्र आल्या की भरलेल्या गाडीचं वजन बरंच वर जातं. रिकामी गाडी चढणीवर छान चालते, भरलेली गाडी आडव्या उतारावर भीती दाखवते.

दुसरं, पासिंग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. बाहेरून बसवलेला टिपर पुस्तकात चढला नसेल तर फिटनेसला अडतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो, टिपर हवा तर कंपनीतून टिपर म्हणूनच पास होऊन आलेली गाडी घ्या.

फोर बाय फोर आणि टिपर दोन्ही कंपनीतून तयार, आणि तेही पिकअपच्या आकारात, असं बारा लाखांत मला तरी माहीत नाही. माहीत असेल त्याने सांगावं, माझ्याकडे रोज गिऱ्हाईक विचारतं.

यॉर्कशायर_मुक्काम

मी इंग्लंडमध्ये गेली काही वर्षं याच धंद्यात आहे, दोर बांधून झाडावर चढणारा. इथे नेमका हाच प्रश्न प्रत्येक नवा ठेकेदार विचारतो, म्हणून लिहितो.

इथे जुनी लँड रोव्हर डिफेंडर १३० टिपर करून वापरायची पद्धत होती, पण जुन्या डिफेंडरचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. आता इव्हेको डेली फोर बाय फोर, फुसो कँटर फोर बाय फोर, इसुझू डी-मॅक्सवर बसवलेला छोटा टिपर, किंवा साधा ट्रान्झिट टिपर दिसतो. सगळा घोळ साडेतीन टनाच्या रेषेवर अडतो. १ जानेवारी १९९७ नंतर कारचं लायसन्स काढलेल्याला साडेतीन टनावरची गाडी चालवायला वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि त्या वजनावर धंद्याचा वेगळा परवानाही लागतो. त्यामुळे सगळ्यांना साडेतीन टनातच बसायचं असतं. फोर बाय फोर, टिपर, अवजारपेटी, चार माणसं एवढं चढलं की माल न्यायला सातशे-आठशे किलो उरतात. हिशेबनीसांनी काढलेला आकडा मला इथे बसून ओळखीचा वाटला.

पण इथे एक गोष्ट वेगळी आहे. गाडीमागे चिपर, म्हणजे फांद्यांचा भुगा करणारं यंत्र असतं, ओढून न्यायचं, ७५० किलोच्या आतलं. फांद्या जागेवरच भुगा होतात. डहाळ्यांच्या सहा-सात खेपांचा माल एका खेपेत जातो. गाडी निवडताना लोक चाकांवर भांडतात, पण खर्च वाचवतो तो चिपर. आणि जे ठेकेदार बरीच वर्षं टिकलेत, त्यातले बहुतेक मागच्या चाकांवर चालणारा साधा टिपर वापरतात. शेतातून माल काढायला ट्रॅक्टर नाहीतर छोटा लोडर वेगळा.

मधुकर_पाटणकर_नव्हे

आमच्या पाखाडीला १४० पायऱ्या आहेत. तिथे कुठली फोर बाय फोर चढते ते पण सांगा, मी आजच बुक करतो.

वाडीवाला

पाखाडीवरून अजून डोक्यावरूनच माल उतरवतो आम्ही. त्या कामाचा दरही वेगळा लावतो.

आगरातली

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते, कारण इथे कोणी तसं लिहिलेलं नाही.

श्रीवर्धनला आमचं नारळ-सुपारीचं आगर आहे. निसर्ग वादळात अर्ध्याहून जास्त सुपारी आडवी झाली. पडलेली झाडं काढायला जे ठेकेदार आले त्यांनी मोठी गाडी थेट आगरात घातली. गडगा एका बाजूने पाडला, "नंतर लावून देऊ" म्हणाले. पाण्याचे पाट चाकांखाली दबले. ओल्या रेताड जमिनीत चाकांचे गुडघाभर खोल चर पडले, आणि वादळातून वाचलेल्या ज्या सुपाऱ्या त्या चरांच्या कडेला होत्या त्या पुढच्या दोन पावसांत पिवळ्या पडत गेल्या. सुपारीची मुळं वरच्या थरातच असतात. वर भरलेली गाडी फिरली की माती घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही. वादळाने नेलं ते समजून घेतलं. वाचलेलं गाडीने नेलं, याचं दुःख आजही आहे.

म्हणून वाडीवाले दादा, तुमची गाडी कुठेही जाऊ शकते ही माझ्यासाठी चांगली बातमी नाही. ती कुठे थांबेल हे आधी ठरवणारा ठेकेदार मला हवा. आता मी काम देताना कागदावर लिहून घेते: चाक गडग्याच्या आत येणार नाही, माल दोराने किंवा हाताने ओढून गडग्यापर्यंत. त्याचे पैसे जास्त होतात, ते मी देते.

यॉर्कशायर_मुक्काम

आगरातली ताई, अगदी खरं. इथेही ओल्या लॉनवर गाडी घालण्याआधी जाड प्लॅस्टिकच्या पाट्या अंथरतात. कोकणात सुपारीच्या झावळ्यांचा आणि नारळाच्या सोडणांचा जाड थर तेच काम थोडंफार करेल, पण भरलेल्या गाडीसाठी नाही.

वाडीवाला

ताई, तुमचा प्रतिसाद टीमला मोठ्याने वाचून दाखवला. चाक कुठे थांबणार ते कोटेशनमध्ये लिहायची पद्धत मी या सीझनपासून सुरू करतो.

जय_जवान_सातारा

सैन्यात गाड्यांच्या विभागात होतो. लिलावात निघालेली अशोक लेलँडची स्टॅलियन घ्यावी असं कोणीतरी इथे सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. गाडी जबरदस्त आहे, फोर बाय फोर, डोंगरात काय काय ओढलंय ते आम्ही पाहिलंय. पण कोकणातल्या दोन गडग्यांमधल्या पाणंदीत ती शिरणारच नाही. लिलावाच्या गाडीची नागरी नोंदणी करताना चपला झिजतात. डिझेल पिते ते वेगळंच.

आणि एक गोष्ट फोर बाय फोरबद्दल. नव्या माणसाला वाटतं चारही चाकं ओढतात म्हणजे ब्रेकही जास्त लागतो. ब्रेक तेवढाच लागतो. चढताना जी गाडी सहज वर गेली ती ओल्या जांभ्यावरून भरलेली खाली आणताना तशीच घसरते. उतारावर लो गिअर लावा, क्लच दाबू नका, आणि चढण्याआधी उतरण्याचा रस्ता पायी चालून बघा. डांबरी रस्त्यावर आलात की फोर बाय फोर काढून टाका. या पिकअपमध्ये पुढचा-मागचा हाउसिंग थेट जोडला जातो, कोरड्या रस्त्यावर वळणात ताण येतो आणि गिअर निकामी होतो.

मडगांवचो

गोव्याहून. आमच्याकडे माडाचं काम जास्त. माडाचा बुंधा ओला असताना भयंकर जड, आणि त्यातल्या सिलिकामुळे चेनसॉची धार बघता बघता जाते. दीड-दोन मीटरचे तुकडे करून, घरंगळवत रस्त्यापर्यंत आणतो. गोल असतो हा एक फायदा.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ मध्ये गोव्यात माडाला झाडांच्या कायद्यातून बाहेर काढलं होतं, लोकांनी मोठा विरोध केला, २०१७ मध्ये पुन्हा आत घेतला. आता माड पाडायला परवानगी लागते, हे बाहेरून येणाऱ्या ठेकेदारांना पुष्कळदा ठाऊक नसतं.

वृक्षमित्र_निवृत्त

परवानगीचा विषय निघालाच आहे तर. मी उद्यान विभागातून निवृत्त झालो. महाराष्ट्रात नगरपालिका-महानगरपालिका हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. हद्दीबाहेर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा, त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ वगैरे आहेत. म्हणजे तुम्ही रोज ज्यांवर चढता तीच झाडं. मालकाने परवानगी काढलेली नसेल तर तुमची गाडी, हौद्यातला माल आणि चेनसॉ तिघंही अडकतात. माल रस्त्याने न्यायचा तर वन खात्याचा वाहतूक पास विचारला जातो.

गाडी कुठलीही घ्या, ड्रायव्हरच्या खणात परवानगीची प्रत असलीच पाहिजे. आणि तारांजवळची फांदी असेल तर महावितरणला कळवून लाईन बंद केल्याशिवाय कोणालाही वर पाठवू नका. ओला दोर, ओली फांदी, दोन्हीतून वीज येते.

मनापासून आणखी एक. वठलं असं वाटणारं प्रत्येक झाड पाडायचं नसतं. पोकळ बुंध्याचा आंबा, वरचं वजन कमी केलं तर पुढे कितीतरी वर्षं उभा राहतो, आणि त्या पोकळीत धनेश, पिंगळा राहतात. पाडण्यापेक्षा उतरवण्याचं काम घ्या. कौशल्याला पैसे मिळतात आणि हौद्यातलं वजनही कमी होतं.

घाटमाथा

वृक्षमित्र काका, +१. वाहतूक पास नसल्याने माल नाक्यावर थांबला की मजुरांचा अख्खा दिवस जातो.

चांदणी_सायली

अवांतर: निघालेल्या लाकडाचं तुम्ही सगळे काय करता? पूर्वी मुंबईच्या बेकऱ्यांत जायचं असं ऐकलं होतं.

वाडीवाला

सायलीताई, ते आता कमी होत जाणार. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं. आमच्याकडचा बराच माल मालकालाच चुलीसाठी, काही वखारीत, पाला कलमांच्या आळ्यात. तुमचा फणस कुठे आहे? संपर्कातून कळवा, बघून येतो.

कमानपाटा

मूळ विषयावर येतो, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

टिपर घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं: टिपर चालताना उलटत नाहीत तितके ओतताना उलटतात. हौदा वर गेला की सगळं वजन वर आणि मागे. जमीन आडवी सपाट नसेल, एका बाजूचं चाक मऊ मातीत बसलं, किंवा माल एका बाजूला अडकून राहिला की गाडी कुशीवर जाते. वाळू-खडी सरळ घसरते. झाडाचा माल तसा घसरत नाही. फांदीची बेचकी फाळक्यात अडकते, मागचा माल पडतो, पुढचा वरच राहतो. मग ड्रायव्हर गाडी पुढे-मागे झटके देतो, आणि तो झटकाच शेवटचा ठरतो. अशी कुशीवर गेलेली एक गाडी माझ्याच गॅरेजला आली होती. ड्रायव्हर उडी मारायला दाराकडे गेला आणि त्याच बाजूला गाडी पडली. माणूस वाचला, पाय नाही वाचला. त्याचं वय तेविसाच्या आसपास होतं.

तेव्हा वाडीवाले, ज्या पाणंदीत जायला तुम्हाला फोर बाय फोर लागते, त्या पाणंदीत हौदा कधीच उचलायचा नाही. म्हणजे टिपर लागतो तो सपाट जागेवर, जिथे ओतायचं तिथे. आणि फोर बाय फोर लागते तिथे टिपर निरुपयोगी. एकाच गाडीत दोन्ही घेऊन तुम्ही दोन्हीचे पैसे देता, दोन्हीचं वजन वाहता.

कासार_घाट

कमानपाटा, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

संगमेश्वरी

आमच्याकडचा मार्ग सांगतो. पंचेचाळीस अश्वशक्तीचा फोर व्हील ट्रॅक्टर, मागे विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र). ट्रॅक्टर पाणंदीच्या तोंडाशी उभा राहतो, आत जातो तो फक्त दोर. ओंडका ओढत रस्त्यापर्यंत येतो. टोकाला जुन्या ड्रमचा कापलेला अर्धा भाग अडकवला की ओंडका जमिनीत घुसत नाही आणि मातीही उकरली जात नाही. आगरातली ताईंना हेच हवं आहे. मग रस्त्यावर उभ्या साध्या टिपरमध्ये किंवा हायड्रॉलिक ट्रॉलीत भरायचं. त्याच ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या दांड्यावर) चिपर चालतो. झाडकाम नसेल तेव्हा नांगरट, चिखलणी. जुलैत माझा ट्रॅक्टर एक दिवस रिकामा नसतो.

विंचचा दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आणि दोरावर मध्ये एक ओलं गोणपाट टाकून ठेवायचं. दोर तुटला तर गोणपाट त्याला खाली दाबतं.

हिशेबनीस

उत्तम. फक्त एक: शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर आणि ट्रॉली भाड्याच्या कामाला वापरणं नियमात बसत नाही, व्यावसायिक नोंदणी आणि तसाच विमा करून घ्या. टिपरच्या बाबतीत एक सोय अशी की सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे टाटा ४०७ या छोट्या ट्रकच्या आकाराचा टिपर घेतलात तर टीममधल्या कारच्या लायसन्सवाल्यालाही चालेल.

घाटमाथा

मी अजूनही माझ्या मतावर आहे, पण थोडं वेगळं मांडतो. ट्रॅक्टर आणि टिपर मिळून बारा लाखांत नवं येत नाही. ज्याचं काम मुख्यतः छाटणीचं आहे, त्याने फोर बाय फोर पिकअप घ्यावी आणि टिपरचा नाद सोडावा. ओतायला माझ्याकडे साधी युक्ती आहे. भरण्याआधी हौद्यात मासेमारीचं जुनं जाड जाळं अंथरायचं, त्याची पुढची दोन टोकं मालावरून मागे घ्यायची. ओतायच्या जागी ती एखाद्या भक्कम बुंध्याला साखळीने बांधायची, मागचा फाळका पाडायचा आणि गाडी हळू पुढे घ्यायची. जाळं मालाला गुंडाळून मागे ओढतं, सगळा पाला-फांद्या एका ढिगात. जॅक नाही, पंप नाही, फ्रेम नाही, आणि सव्वा टन पूर्ण हातात राहतं. ओंडक्यांना मात्र हे करू नका, ते अंगावर येतात.

मालवणी_मनीष

गाडी घेवच्या आधी रस्तो बघ, आणि रस्तो बघूच्या आधी ओतूची जागा बघ. माझो बापूस ह्याच सांगायचो.

वाडीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वाचून मी सीझनच्या कामांची वही काढली आणि बसून वेगळं केलं. निम्म्याहून जास्त कामात गाडी उभी राहते ती जागा डांबरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे दोर आणि विंच पुरेल. खरोखर आत गाडी न्यावीच लागते अशी कामं थोडी, आणि ती बहुतेक छाटणीची, म्हणजे हलक्या मालाची. ओंडक्यांची सगळी कामं मोठ्या झाडांची, आणि मोठी झाडं आमच्याकडे जुन्या घरांजवळ, म्हणजे रस्त्याजवळ.

त्यामुळे ठरवलं ते असं. नवी फोर बाय फोर टिपर करून घेण्याचा विचार सोडला. कंपनीतून टिपर म्हणून आलेली जुनी ४०७ बघतो, मागच्या चाकांवर चालणारी. विंचसाठी मावसभावाचा फोर व्हील ट्रॅक्टर आहे, त्याच्याशी सीझनचा करार करतो, नोंदणी आधी बदलून घेऊ. उरलेल्या पैशात पीटीओचा चिपर. आत जायच्या छाटणीच्या कामांना घाटमाथा म्हणतात तसं जाळं, भाड्याच्या पिकअपवर.

कमानपाटा साहेब, जुना टिपर बघायला जाताना काय काय तपासू?

कमानपाटा

चांगलं ठरवलंत. बघायला जाताना गाडी सकाळी थंड असतानाच बघा, चालू करून ठेवू नका म्हणावं.

हौदा रिकामा पूर्ण उचलून पंधरा मिनिटं तसाच ठेवायला सांगा, पण खाली डोकावण्याआधी सपोर्टचा दांडा लावल्याशिवाय हात घालू नका. हौदा हळूहळू खाली बसत असेल तर जॅकचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. जॅकच्या नळ्यावर उभे ओरखडे असतील तर नुसते सील बदलून भागणार नाही. मागचे बिजागर आणि त्यांच्या पिन हाताने हलवून बघा. हौदा उचलताना एका बाजूला झुकत असेल तर ती गाडी सोडा, किंमत कितीही कमी असली तरी. चासीवर बिजागराच्या पुढे हातभर अंतरात वेल्डिंगचे नवे टाके किंवा ताजा रंग दिसला तर विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर निघा. वाळूच्या धंद्यातली गाडी नको, खारी वाळू हौद्याचा तळ आतून खाते, हातोडी मारून आवाज ऐका.

मागच्या कमानींचे पाटे मोजा. जास्तीचे टाकलेले असतील तर ती गाडी ओव्हरलोड चाललेली आहे. आरसी बुकात बॉडीच्या रकान्यात टिपर लिहिलंय का ते बघा, वजन बुकात किती आणि पाटीवर किती तेही जुळवा.

टायर मागचे चारही एकाच नक्षीचे घ्या, लगवाले (खोल ठोकळ्यांच्या नक्षीचे). आणि पैसे देण्याआधी एकदा चिपळूणला घेऊन या, मी खाली शिरून बघतो.

वाडीवाला

येतो. पुढच्या आठवड्यात खेडला एक बघायची आहे, जमलं तर तिथून थेट तुमच्याकडेच.

चांदणी_सायली

वाडीवाले दादा, फणसाचा पत्ता कळवलाय. ग्रामपंचायत हद्द आहे, परवानगीचा अर्ज वृक्षमित्र काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी करते. काका, अर्ज तहसील कार्यालयात की वन खात्यात?

वृक्षमित्र_निवृत्त

फणस अनुसूचीत आहे आणि जमीन खाजगी, तेव्हा सातबारा आणि झाडाचे चारही बाजूंचे फोटो घेऊन आधी तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. अर्ज कोणाच्या नावे आणि पुढे कुठे जातो ते तिथे लिहून घ्या. घराला धोका असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. आणि अर्ज देण्याआधी एकदा वाडीवाल्यांना झाड दाखवा. नुसतं वरचं वजन उतरवून भागत असेल तर ते पाडू नका.